बिनवाऱ्याचं पाणी

तोमेच्या आधी घरात तीन मुली झाल्या होत्या. चौथीही मुलगीच झाली तेव्हा बापानं तिचं नाव तोमे ठेवलं. म्हणजे थांब, आता पुरे. नाव ठेवून तो पुन्हा कागदाच्या हौदाकडे निघून गेला. दोन वर्षांनी पाचवी मुलगी झालीच. "माझं ऐकतंय कोण? जन्मापासून हेच चाललंय," असं तोमे विहिरीवर सांगायची आणि शेजारणी हसायच्या. ती स्वतः हसायची नाही.

ओगावाच्या कागदवाल्यांच्या घरातली पोर ती. थंडीत गार पाण्यात तुतीची साल धुऊन धुऊन तिची बोटं लहानपणीच जाड झाली होती. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती तोक्योला, शितायाच्या एका अरुंद बोळात आली. नवरा जिन्पाची लाकडी ठशांवरून चित्रं छापणारा कारागीर. चित्रकार चित्र काढतो, दुसरा ते लाकडात कोरतो, तिसरा एकेका रंगाचा ठसा कागदावर उठवतो आणि मालक ते विकतो. पण ह्या सगळ्यांच्या आधी कागदाला हात लागतो तो सरस लावणारीचा, हे तोमे कुणी न विचारता सांगे. कोरा कागद रंग गटागटा पितो. त्याला सरस आणि तुरटीच्या पाण्याचा एक हात दिला की तो शहाण्यासारखा वागतो, रंग वरच्यावर धरून ठेवतो.

इगुचींच्या छापखान्यात चार छापणारे होते आणि चौघांचा कागद वीस वर्षं तोमेच तयार करत होती. सरस मंद आचेवर वितळवायचा, तुरटी घालायची आणि काडीनं एक थेंब जिभेच्या टोकावर ठेवायचा. जीभ किती आखडते त्यावर सगळं माप. मग रुंद कुंचला एका दमात ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचा आणि ताव दोरीवर टाकायचा. वाळलेला ताव हातात धरून हलवला की खळखळ वाजला पाहिजे. वाजला नाही तर तो पुन्हा सरसात. तिच्या जिभेला छापखान्यात मान होता. ती जीभ इतर कामांसाठीही वापरली जाई, म्हणून तिची धास्तीही होती.

मोठा भूकंप झाला तेव्हा सगळा बोळ पेटत आला होता. तोमेनं नवऱ्याच्या चारही बारेन, म्हणजे ज्या चकत्यांनी कागद ठशावर दाबून घासतात त्या, छातीशी कोंबल्या आणि लेकीचा हात धरून पळाली. स्वतःच्या लग्नाची पेटी तशीच मागे राहिली. त्या पेटीतल्या कपड्यांबद्दल ती पुढे कधी बोलली नाही. पण शेजारच्या बाईची पेटी वाचली होती, त्याबद्दल मात्र सहा वर्षं बोलत होती.

हेवा तोमेला भुकेसारखा लागायचा. दिवसातून दोनतीनदा लागायचा, आणि भागला की ती छान वागायची. कुणाचा मुळा जास्त कुरकुरीत मुरला, कुणाच्या दारात ऊन उशिरापर्यंत राहिलं, कुणाच्या जावयानं सासूला अंजिरं आणली. तिचा स्वतःचा जावई चिबात मासळीच्या धंद्यात होता आणि वर्षातून एकदा वाळवलेल्या माशांची जुडी पाठवायचा. "खारट आहेत," तोमे म्हणायची, आणि एकही उरू द्यायची नाही.

जिन्पाचीला मात्र कशाचंच काही वाटत नसे, आणि ह्याचाच तिला सगळ्यात राग होता.

"अहो, त्या कोंडोंच्या घरी नवी चटई घातली."

"बरं झालं. जुनी फाटली होती."

एवढंच. ह्यावर भांडणार तरी काय?

जिन्पाचीच्या हाताखाली सात वर्षं शिकून सेइजिरो नावाचा एक जण तयार झाला होता. आता तो तिशीचा होता, स्वतंत्र छापत होता आणि दोन घरं सोडून राहत होता. जिन्पाचीला तो दादा म्हणायचा, तोमेला वहिनी. त्या सात वर्षांत त्याचे मोजे तोमेनंच रफू केले होते. त्याचं लग्नही तिनंच जमवलं. कावागुचीच्या ओतकाम करणाऱ्यांच्या घरातली फुसा. गोरी, हसरी आणि बोलायला इतकी गोड की तोमेला तिच्याशी बोलून आल्यावर चूळ भरावीशी वाटे. लग्न आपणच जमवलं, हे ती आता कुणाला सांगत नसे.

त्या शरदात चित्रकार हासुमी गुरुजींचं नवं चित्र छापायला आलं. नोजिरी तलाव, पहाटेची वेळ. समोर डोंगर, मधे बेट, अलीकडे काठाला लावलेली एक रिकामी होडी. पलीकडच्या काठावर एका घराच्या खिडकीत दिवा आणि त्या दिव्याचं पाण्यात उभं पडलेलं पिवळं प्रतिबिंब. बस. माणूस नाही, पाखरू नाही. सगळं चित्र आभाळ आणि पाणी ह्यांच्यावरच उभं होतं. काळपट निळ्यातून फिकट होत जाणारं आभाळ, आणि तेच पुन्हा पाण्यात उलटं. असं फिकट होत जाणं ठशावर कोरता येत नाही. ते छापणाऱ्यानं दर वेळी ओल्या फडक्यानं आणि ब्रशानं ठशावर उतरवायचं असतं.

इगुचींकडचं पाणी म्हटलं की जिन्पाची. पंचवीस वर्षांत नदी, समुद्र, पावसाची डबकी, सगळी त्याच्या हातची. शिवाय आता चित्राच्या कडेला छापणाऱ्याचा छोटा शिक्काही उठवायला लागले होते. तोमेनं तो शिक्का चित्राच्या कुठल्या कोपऱ्यात शोभेल इथपर्यंत विचार करून ठेवला होता.

संध्याकाळी जिन्पाची घरी आला, पाय धुतले आणि म्हणाला, "पाणी सेइजिरोला दिलं."

"कुणी?"

"गुरुजींनीच नाव घेतलं."

"आणि तुम्ही?"

"मला डोंगर दिलेत. डोंगर चांगले आहेत."

"डोंगर!" तोमेनं भाताचा चमचा भांड्यावर आपटला. "डोंगराला काय लागतं हो? काळा रंग फासला की झाला डोंगर. गुरुजींना तोंड नव्हतं का विचारायला, की बाबा, ह्या सेइजिरोला पाणी छापायला शिकवलं कोणी?"

"त्यांना ठाऊक आहे."

"ठाऊक आहे म्हणे! ठाऊक असून दिलं, मग तर अधिकच."

"लोणचं वाढ," जिन्पाची म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुसा दारात हजर. हातात झाकलेला लाखेचा डबा, आत तांबडा भात. चवळी घालून शिजवलेला, वर तीळमीठ. घरात आनंदाची गोष्ट झाली की हा भात शेजारीपाजारी वाटायचा असतो.

"ताई, सगळं तुमच्याच पुण्याईचं हो. दादांनी हात धरून शिकवलं नसतं तर ह्यांना कोण विचारत होतं?"

"ते खरंच आहे," तोमे म्हणाली.

फुसा हसली. "हे तर म्हणत होते, दादांच्या आधी आपण पाणी कसं घ्यायचं, मला लाज वाटते. मी म्हटलं, अहो दादांचं मन केवढं मोठं! त्यांना उलट बरंच वाटेल."

"वाटलं ना. रात्रभर बरं वाटत होतं त्यांना."

भात उत्तम झाला होता. तोमेनं तो उभ्याउभ्याच खाल्ला, शेवटचं शीत संपेपर्यंत, आणि एकेका घासाला तिचा जीव जळत गेला. असा डबा परत करताना त्यात काहीतरी घालायचं असतं. काड्यापेटी, दोन ताव कागद, काहीही. तोमेनं डबा घासला, पुसला आणि रिकामाच नेऊन दिला. फुसानं झाकण उघडून पाहिलं, बंद केलं आणि वाकून म्हणाली, "ताई, किती स्वच्छ घासलात हो!"

हे ऐकून तोमे घरी आली ती थेट सरसाच्या भांड्यापाशी.

नमुन्याचे पहिले बारा ताव सेइजिरोसाठी काढायचे होते. हवा कोरडी होती, ऊन चांगलं होतं, चुकायला काही कारणच नव्हतं. तोमेनं सरसाच्या कांड्या मोजल्या. जेवढ्या लागतात तेवढ्या हातात घेतल्या आणि निम्म्या परत डब्यात टाकल्या. तुरटीही एक चिमूट कमी घातली. मग सवयीनं जिभेवर थेंब ठेवला. जीभ जेमतेम आखडली. एरवी असं पाणी तिनं ओतून दिलं असतं. तिनं कुंचला बुडवला आणि एका दमात ओढला.

ताव वाळले तेव्हा तिनं एक हलवून पाहिला. खळखळ नाही. फडकं हलवल्यासारखा नुसता हलला. ह्यावर रंग टाकला की तो आत बुडणार, पसरणार, निळ्याचे डाग उठणार. हासुमी गुरुजी डागाला किती भितात हे सगळ्यांना माहीत होतं. एकदा नमुना बिघडला की पाणी पुन्हा जिन्पाचीकडे येणार. ह्यात कुणाचा जीव जाणार नव्हता. कागद आहे, कधी कमी, कधी जास्त व्हायचंच. तोमेनं बारा ताव नीट एकावर एक रचून, वर सेइजिरोच्या नावाची चिठ्ठी लावून पोचते केले, आणि त्या दिवशी ती सगळ्यांशी फार चांगली वागली.

नमुना छापायच्या दिवशी गुरुजी आणि मालक इगुची दोघंही छापखान्यात येऊन बसले. तोमे चहा घेऊन गेली आणि मुद्दाम दाराशीच रेंगाळली. डोंगर शेवटी उठवायचे होते, म्हणून जिन्पाची बाजूलाच वाट बघत बसला होता. सेइजिरोनं उतरत्या पाटामागे मांडी घातली, ठशावर निळा रंग ठेवला, एका बाजूला ओलं फडकं फिरवलं, ब्रशानं रंग फिका होत नेला आणि ताव खाली ठेवला. बारेन फिरली. मग त्याचा हात थबकला.

त्याला कळलं, तोमेनं पाहिलं. कागद रंग ओढतोय हे त्याच्या तळव्याला कळलं होतं. त्यानं ताव उचलला. निळ्याला काठाशी डाग आले होते. तो ताव त्यानं उलटा करून बाजूला ठेवला. मान वर केली नाही. दुसरा ताव घेताना त्यानं ठशावर भाताची खळ थोडी वाढवली, पाणी कमी केलं, आणि बारेन अशी फिरवली की जणू खाली कागद नाही, झोपलेलं मूल आहे. एकदा फिरवून थांबला. श्वास घेतला. तोच ठसा पुन्हा, आणखी हलका. तिसऱ्यांदा पुन्हा.

तो ताव त्यानं गुरुजींपुढे ठेवला आणि मागे सरकला.

गुरुजी तावावर वाकून बघत राहिले. चहा निवला. मालकांनी दोनदा घसा साफ केला. मग गुरुजी म्हणाले, "वारा पडला."

तोमेला दारातून चित्र अर्धंच दिसत होतं, पण तेवढं पुरे होतं. निळा रंग कागदावर नव्हताच, कागदाच्या आत होता. आभाळ कुठे संपलं आणि पाणी कुठे सुरू झालं ते सांगता येत नव्हतं.

"हेच," गुरुजी म्हणाले. "दोनशे. पण हेच. ह्याहून जास्त नको, कमी नको."

सेइजिरो जमिनीला कपाळ टेकवून वाकला. त्याच्या मागे जिन्पाचीही वाकला. तोमे चहाचे पेले गोळा करायला वाकली आणि तिच्या हातून एक पेला कलंडला.

आता काय करायचं? घरी येऊन तिनं विचार केला आणि दोनशे ताव तयार केले. अगदी चोख, मापात, खळखळ वाजणारे. ह्यात तिचं काय चुकलं? चांगला कागद देणं हेच तर तिचं काम.

त्या चोख कागदावर सेइजिरोचं पाणी लखलखीत उठलं, एखाद्या नव्या तबकासारखं. आभाळ आणि पाणी ह्यांच्यामधे सुरीनं कापल्यासारखी रेघ आली. गुरुजींनी पहिला ताव पाहून बाजूला ठेवला. दहावाही बाजूला ठेवला. "ह्यात वारा आहे," ते म्हणाले, आणि आठ दिवसांनी येतो म्हणून निघून गेले.

त्या आठ दिवसांत सेइजिरोनं काय काय केलं हे तोमेला फुसाकडूनच कळत होतं. बारेनवरचं बांबूचं पान चारदा बदललं. खळ बदलली. रंग पुन्हा पुन्हा खलला. नमुना छापला त्या दिवशी जी मांडी घातली होती तीच घालून बसला, तोच अंगरखा घातला. कागदाचा संशय त्याला आला नाही, येईल कसा? कागद वहिनीचा होता. त्या दिवशीच्या तावात काही वेगळं होतं हे तळव्याला कळलं होतं, पण हवेत दमटपणा असेल म्हणून त्यानं ते सोडून दिलं होतं. आता तोच हात आणि तोच ठसा, मग उरतं काय?

"म्हणतात, हात गेला माझा," फुसा विहिरीवर सांगत होती. तिच्या गोडव्याचं पाणी झालं होतं, केसही धड बांधलेले नव्हते. "एकदाच आला आणि गेला. जेवत नाहीत हो ताई. काल म्हणाले, तुझ्या भावाला विचार, ओतकामात घेतो का."

"तिसाव्या वर्षी ओतकाम? बोटं भाजतील."

"तेच मी म्हटलं. तर म्हणाले, ह्या बोटांचं आता करायचंय काय?"

तोमेनं दोर ओढला. बादली वर आली. तिला वाटलं होतं तितकं गोड वाटत नव्हतं, पण गोड वाटत होतं हेही खरं. "होईल सगळं ठीक," ती म्हणाली आणि फुसाची बादलीही भरून दिली.

आठव्या दिवशी मालकांनी जिन्पाचीला बोलावलं. पाणी तू कर, म्हणाले, उद्या तीन ताव काढून दाखव.

तोमेनं त्या संध्याकाळी जिन्पाचीला मासा भाजून वाढला, मोठा, शेपटीसकट. दुपारीच तिनं ताव करून वाळत घातले होते. निम्मा सरस आणि एक चिमूट कमी तुरटी. माप ती विसरली नव्हती.

"एवढा मासा कशाला?" जिन्पाची म्हणाला.

"खा हो. उद्या तुमचं पाणी आहे."

दुसऱ्या दिवशी जिन्पाची जेवायच्या वेळेआधीच घरी आला. काखेत गुंडाळी होती. त्यानं पाय धुतले नाहीत, तसाच आत येऊन चटईवर तीन ताव पसरले आणि म्हणाला, "बघ."

तोमेनं पाहिलं. निळा रंग कागदात बुडून गढूळ झाला होता. होडी चिखलात रुतल्यासारखी दिसत होती. खिडकीतला दिवा तेवढा पिवळा होता आणि त्याचं प्रतिबिंब शेवाळलेल्या काठीसारखं.

"माझा हात जड आहे," जिन्पाची म्हणाला. "तुझ्या चोख कागदावर वीस वर्षं दाबून दाबून जड झालाय. असा कागद मला झेपत नाही. सेइजिरोला झेपतो."

"असा म्हणजे कसा?"

"तोमे." तो तिला नावानं फार क्वचित हाक मारी. "नमुन्याच्या दिवशी मी त्याच्या बाजूलाच बसलो होतो. त्यानं ताव उचलला तेव्हा वाजला नाही. मी ऐकलं."

तोमेनं तावाचा कोपरा उगाच सारखा केला.

"वाटलं, हिचं पहिल्यांदा माप चुकलं. चारचौघांत बायकोची चूक कशाला काढा? आणि चित्र तर देखणं झालं होतं. मग दोनशे ताव चोख आले, तेव्हा वाटलं, हिला चूक कळली आणि तिनं सुधारली. आज सकाळी माझ्यापुढे तोच न वाजणारा कागद आला." त्यानं तावांची गुंडाळी पुन्हा करायला घेतली. "तेव्हा कळलं, चूक नव्हती."

"तुमच्यासाठीच केलं मी," तोमे ओरडली. "तुमच्यासाठी! तुम्हाला काही वाटतच नाही, मग कुणी तरी वाटून घ्यायला नको? पाणी तुमचं होतं!"

"नव्हतं."

"होतं!"

"तो माझ्याहून चांगला आहे, तोमे. चार वर्षं झाली. गुरुजींना दिसतं, मालकांना दिसतं, मला तर सगळ्यांच्या आधी दिसलं. तुलाही दिसतं. नाही तर एवढी कशाला जळली असतीस?"

हे त्यानं अगदी साध्या आवाजात सांगितलं, लोणचं वाढ म्हणतो तसं.

"मालकांना मी सांगून आलोय, माझ्यानं होणार नाही," तो म्हणाला. "कागदाचं काही बोललो नाही. ते तुझं तू बघ. उद्या सेइजिरो कावागुचीला जाणार आहे म्हणे."

तोमेनं गुंडाळी बाजूला सारली. मग उठली, केस सारखे केले आणि दोन घरं पार करून गेली. ती दोन घरं तिला त्या दिवशी फार लांब वाटली.

सेइजिरो भिंतीला टेकून बसला होता. फुसा त्याचे कपडे कापडात बांधत होती. तोमेनं बसायच्या आधीच बोलून टाकलं, नाही तर ते तोंडातून निघालंच नसतं. "तुझा हात कुठे गेलेला नाही. नमुन्याचा कागद मी बिघडवून दिला होता. निम्मा सरस. मुद्दाम."

फुसाचे हात गाठीवरच थांबले. सेइजिरोनं तोमेकडे पाहिलं, मग स्वतःच्या तळव्याकडे. आणि तो हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांना पाणी आलं.

"म्हणजे हात गेला नाही?"

"सांगतेय काय मघापासून?"

"तुम्ही हसताय काय!" फुसा ताडकन उठली. तिच्या आवाजात साखरेचा कण उरला नव्हता. "आठ दिवस अन्नाला शिवला नाहीत तुम्ही! आणि ह्या, ह्या विहिरीवर माझी बादली भरून देत होत्या! ताई, माझ्या घरचा तांबडा भात पचला ना तुम्हाला? नीट पचला?"

"पचला," तोमे म्हणाली. "चवळी थोडी कच्ची होती."

"बाहेर व्हा!"

"फुसा, थांब जरा," सेइजिरो पुढे सरकला होता. त्याला रागवायला वेळच नव्हता. "वहिनी, निम्मा म्हणजे किती? अगदी निम्मा? आणि तुरटी?"

"एक चिमूट कमी."

"चिमूट कुणाची? तुमची की माझी?"

"माझी. तुझ्या चिमटीला काय कळतंय?"

"तसेच दोनशे ताव द्याल?"

तोमेनं फुसाकडे पाहिलं. फुसानं तोंड फिरवलं होतं, पण कपड्यांची गाठ ती सोडायला लागली होती.

"परवापर्यंत देते," तोमे म्हणाली.

चांगला कागद करणं सोपं असतं. बिघडलेला कागद दोनशे वेळा सारखाच बिघडवणं किती अवघड, हे तोमेला त्या दोन दिवसांत कळलं. हवा जरा दमट झाली की माप हलायचं. तिनं पन्नास ताव फेकून दिले. जिभेला थेंब लावून लावून तिला दोन दिवस कशाची चव लागली नाही. ज्याच्यामुळे पोटात आग पडली त्याच्यासाठी आपण हे करतोय, ही आठवण प्रत्येक तावाला होत होती. तरी कुंचला थरथरला नाही. कामात हात थरथरलेला तिला खपत नसे. जिन्पाची ताव उतरवून चळत लावायला बसला होता. एकेक ताव कानाशी हलवून बघे आणि म्हणे, "वाजत नाही. छान."

गुरुजींनी दोनशेच्या दोनशे घेतले. कागदाचं कुणाला कळलं नाही. सेइजिरोनं ते चौघांतच ठेवलं, आणि फुसानं तो सबंध हिवाळा तोमेशी एक शब्द न बोलता काढला. विहिरीवर ती यायची, वाकायची, पाणी भरायची आणि जायची. तोमेला वाटलं, गोड बोलण्यापेक्षा हे परवडलं.

गुरुजींनी चित्रं न्यायच्या आधी, छपाई संपत आली तेव्हा, एका दुपारी तोमे जास्तीचे केलेले ताव द्यायला छापखान्यात गेली. सेइजिरो एकटाच होता. दोरीवर ओळीनं नोजिरी वाळत होती, वीसएक वेळा तोच तलाव. ऊन कागदी खिडकीतून गाळून येत होतं. कडेला त्याचा शिक्का उठला होता, नखाएवढा, लाल. सरस लावणारीचा शिक्का कुठेच नसतो.

तोमेनं पहिल्यांदाच ते चित्र सवडीनं पाहिलं. पहाट होती, पण उजाडलं नव्हतं. पाणी इतकं निश्चल, की ती रिकामी होडी कुणी ढकलली तरी हलणार नाही. डोंगर काळे, जड. ते जिन्पाचीचे होते आणि खरंच चांगले होते. आणि त्या सगळ्या निळ्यात पलीकडच्या काठावर कुणीतरी उठून दिवा लावला होता. कोण असेल, एवढ्या पहाटे? तोमेला वाटलं, आपल्यासारखीच कुणी बाई असेल, पाणी तापवायला उठलेली. तिचा नवरा झोपलेला असेल, गाढ, सुखानं. तिचं घर पाण्याकाठी आहे, तिच्या दारात एवढी शांतता आहे आणि तिला त्याचं काही कौतुकही नसेल. तोमेला तिचाही हेवा वाटला.

मग ती सेइजिरोचा हात बघत उभी राहिली. बारेन कागदावर टेकत होती की नाही तेही कळत नव्हतं. तिनं खुनशीपणानं जे केलं होतं त्याला ह्या हातानं कसं सांभाळून घेतलं होतं, हे तिला आता बारेनच्या एकेका फेऱ्याबरोबर दिसत होतं. असा हात तिच्या घरात कधी नव्हता. तिच्या चटईवर सात वर्षं जेवलेल्या माणसाला तो आला. तो त्याचाच होता, आणि त्याला कुणी काही करू शकत नव्हतं.

सेइजिरोनं ताव उचलला आणि मान वर केली. "कसं वाटतंय वहिनी?"

तोमेनं नीट पाहिलं, जवळ जाऊन, वाकून, वरपासून खालपर्यंत.

"वरच्या कोपऱ्यात ताव कोरडा पडतोय," ती म्हणाली. "गठ्ठ्यावर ओलं फडकं घाल."

ताव कुठेही कोरडा पडत नव्हता. हे तिला माहीत होतं आणि त्यालाही दिसत होतं. तरी तो "हो वहिनी" म्हणाला, पाटामागून उठला आणि फडकं भिजवायला बादलीकडे गेला.